शाबूत दोरा

ऑफिसात त्यांना भिंग म्हणत. तोंडावर ‘भिंगसाहेब’, पाठीमागे नुसतंच ‘भिंग’. आणि कोण कुठे काय म्हणतं याची त्यांच्याकडे तारीखवार नोंद होती. वीज कंपनीत ते मीटर तपासनीस होते. लोकांच्या घरी जायचं, जिन्याखालच्या अंधारात टॉर्च मारायची, मीटरच्या तारेवर आवळलेलं शिशाचं सील भिंगाखाली धरायचं आणि ते कोणी काढून परत बसवलंय का ते सांगायचं, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षांत त्यांनी नाना तऱ्हेची सीलं पाहिली होती. सुईनं कोरलेली, मेणबत्तीवर मऊ केलेली, डिंकानं डकवलेली, आणि एका बेकरीत तर चॉकलेटच्या चांदीत गुंडाळलेली कणकेची गोळी. बेकरीवाला दारात उभा राहून पोराबाळांच्या शपथा घेत होता. भिंगांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “माणूस बोलतो,” ते ऑफिसात सांगत, “तार बोलत नाही. वाकवली की वाकते, सरळ केली की सरळ होते. पण विसरत नाही.”

ते डावखुरे होते. सील आवळायची कंपनीची पक्कड उजव्या हाताच्या माणसांसाठी घडवलेली, त्यामुळे भिंगांनी पिळलेली तार उलट्या बाजूला वळे. ओळीनं दहा मीटर असले तर त्यातलं भिंगांचं कुठलं हे ऑफिसातला शिपाईही ओळखायचा. जगातल्या सगळ्या तारांचे पीळ तपासणाऱ्या या माणसाला तेवढा एक पीळ माहीत नव्हता.

घरी आल्यावर पक्कड खिशातून काढून खुंटीला लावता येते. नजर कुठे लावणार? म्हणून भिंगांनी एक वही घातली होती. जाड पुठ्ठ्याची, प्रत्येकाला एक पान, पानावर लाल शाईनं मथळा. ‘दूधवाला : मंगळवारी फेस जास्त.’ ‘वरचा मजला : आपल्या पाण्याच्या वेळेला आंघोळ.’ ‘दातांचे डॉक्टर : दुखत होती डावीकडची दाढ. काढली उजवीकडची? तपास करणे.’ धाकट्या मेहुणीला साडेतीन पानं लागली होती. ती ब्युटी पार्लर चालवायची, आणि भिंगांच्या मते ज्या दुकानात आत गेलेलं माणूस आणि बाहेर आलेलं माणूस यांत फरक असतो, त्या दुकानावर लक्ष ठेवणं भाग होतं.

तिसरं पान बायकोचं. मथळा लाल शाईत, आणि खाली बावीस वर्षं कोरं.

वही टेबलाच्या वरच्या खणात असे. खणाला कुलूप नव्हतं. कुलूप लावलं की आत काहीतरी आहे असं आपणच ओरडून सांगितल्यासारखं होतं, हे ते धंद्यात शिकले होते. त्याऐवजी होता एक दोरा. राखी रंगाचा, बोटभर लांब, त्यांनी स्वतः दुपदरी पिळलेला. एक टोक खणाला, एक टोक टेबलाच्या चौकटीला, दोन्हीकडे डिंकाचा एकेक थेंब. कोणी खण ओढला की दोरा निघालाच. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर, हातपाय धुण्याच्याही आधी, ते दोरा बघत, मग खण उघडत, दिवसभराच्या नोंदी करत आणि दोरा परत लावत. बावीस वर्षांत तो एकदाही निघालेला नव्हता.

ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. बायकोला तर नाहीच. पण दिवसभर लोकांची तुटलेली सीलं बघून आलेला माणूस त्या शाबूत दोऱ्याकडे बघून जेवायला बसत असे. इतरांचा बायकोवर विश्वास असतो, तो भाबडा. भिंगांचा पुराव्यानिशी होता. उभ्या जगात एकाच माणसावर त्यांना संशय घ्यावा लागत नव्हता आणि ते माणूस घरात होतं, एवढ्या एका सोयीवर त्यांचा संसार उभा होता.

बायको रफू करायची. कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनरकडून तिच्याकडे कपडे येत. कसर लागलेल्या शाली, सिगारेटनं जळलेल्या बाह्या, कुत्र्यानं ओढलेला एखादा कोट. ती खिडकीशी बसून त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा उपसायची, लोकर ताठ असेल तर चहाच्या भांड्याच्या वाफेवर धरायची, आणि भोक असं बुजवायची की गिऱ्हाईक कपडा चारदा उलटापालटा करून विचारायचं, “कुठे होतं हो ते?” या धंद्यात कौतुक होत नाही. रफूचं कौतुक झालं म्हणजे रफू दिसला. बोलणं कमी. ताकाला तूर लागू न देणाऱ्या बायका पुष्कळ असतात, पण हिच्याकडे ताक आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

टीव्हीची भानगड मेहुणीनं आणली.

“भाऊजी, निवड झाली तुमची!” ती चपला न काढताच आत आली.

“कशासाठी?”

“तो कार्यक्रम नाही का, नवरा-बायको एकमेकांना किती ओळखतात तो? मी ताईचा आणि तुमचा फोटो पाठवला होता. हजारो जोड्यांतून घेतलंय तुम्हाला.”

“हजारो जोड्या सोडून आम्हीच का?”

“अहो, निवड झाली म्हणजे आनंद होतो लोकांना.”

“लोकांना होतो,” भिंग म्हणाले. “फोटो कुठला पाठवलास? कधी काढलेला? आमच्या घरातून नेलास का?”

मेहुणीनं बहिणीकडे पाहिलं. बहीण सुईत दोरा ओवत होती. “बक्षीस काय आहे?” तिनं विचारलं.

“दोन दारांचा फ्रिज.”

घरातल्या फ्रिजला एकच दार होतं आणि तेही लागत नव्हतं. त्याच्यापुढे एक खुर्ची लावून ठेवावी लागे, आणि पाहुणा आला की त्यानं उभं राहायचं की दूध नासू द्यायचं असा प्रश्न पडे. तरी भिंगांना वाटलं, बायको नको म्हणेल. ती म्हणाली, “जाऊ या.”

संध्याकाळी भिंगांनी मेहुणीच्या पानावर दोन ओळी घातल्या. बायकोच्या पानाशी क्षणभर थांबले. पण ‘जाऊ या’ म्हणणं हा काही गुन्हा नव्हे. पान पुढे उलटलं. शिवाय टीव्हीवाले नक्की कुठे हात मारतात हे आतून बघायला मिळणार होतं. एवढं मोठं मीटर त्यांनी आजवर तपासलं नव्हतं.

आठवड्याभरानं चॅनेलची एक मुलगी फॉर्म घेऊन आली. गळ्यात हेडफोन, हातात दोन फोन. तिनं दोघांना दोन खोल्यांत बसवून साठ-साठ प्रश्नांची उत्तरं लिहून घेतली. भिंगांनी आपला लिफाफा स्वतः बंद केला, फटीवर आडवी सही केली आणि सहीवर पारदर्शक चिकटपट्टी लावली.

“एवढं नाही लागत, काका,” ती हसून म्हणाली.

“लागत नाही म्हणणाराच उघडतो,” भिंग म्हणाले.

हीच मुलगी दोन दिवसांनी कॅमेरावाल्याला घेऊन परत आली, घराचं शूटिंग करायला. भिंग तेव्हा कामावर होते. हे त्यांना संध्याकाळी कळलं, आणि पायातले बूटही न काढता ते टेबलाशी गेले. दोरा जागच्या जागी. भिंग काढून पाहिलं. डिंकाचा थेंबसुद्धा कालचाच. त्यांनी सुस्कारा सोडला आणि वहीत एक नवं पान उघडलं : ‘हेडफोनवाली’.

“खोलीत कोण कोण गेलं होतं?” त्यांनी बायकोला विचारलं.

“सगळे. घराचंच शूटिंग होतं ना.”

“टेबलाला हात लावला कोणी?”

“टेबल छान आहे म्हणाले.”

“का?”

बायकोनं सुई दातांत धरली होती, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही.

स्टुडिओ म्हणजे एक प्रचंड गोदाम होतं. बाहेरून पत्रा, आतून राजवाडा. राजवाड्याची भिंत मागून बघितली तर प्लायवूड आणि खिळे. समोर शंभरेक लोक बसवले होते. त्यांच्यापुढे एक माणूस उभा राहून हात वर करायचा, की लोक टाळ्या वाजवायचे. मूठ मिटली की गप्प. भिंगांनी ते बघून मान डोलावली. टाळ्या ठरलेल्या, तर उत्तरं का नसावीत?

मधोमध एक काचेची पेटी होती. प्रश्न आधी बायकोला. ती सांगेल ते फळीवर लिहायचं आणि फळी पालथी घालायची. तेवढा वेळ नवरा काचेच्या पेटीत, कानांवर मोठे हेडफोन, त्यात संगीत. मग नवऱ्यानं बाहेर येऊन उत्तर द्यायचं आणि फळी उलटायची. जुळलं तर गुण. असे तीन प्रश्न. तिन्ही जुळले तर फ्रिज.

“मला ही पेटी तपासायचीय,” भिंग म्हणाले.

हेडफोनवालीनं घड्याळाकडे पाहिलं आणि ध्वनी बघणाऱ्या माणसाला बोलावलं. भिंग पेटीत शिरले, रबराच्या कडा बोटांनी चाचपल्या, दार लावून घेतलं आणि खूण केली, ओरडा. तो माणूस बाहेरून काहीतरी ओरडला. भिंगांना फक्त सनई ऐकू आली. पण समोरचे शंभर लोक हसले. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “काय म्हणालात?”

“काही नाही, साहेब. चाचणी, चाचणी.”

चाचणीला कोणी हसत नाही. भिंगांनी ते मनाशी नोंदवलं.

सूत्रसंचालक आला. चकचकीत कोट, चकचकीत दात. दात बघून भिंगांना आपले डॉक्टर आठवले. बायकोची नजर कोटाच्या कोपरावर गेली. “इथे शिवलंय ते वरून शिवलंय,” ती हळूच म्हणाली. “धागा आतून घ्यायला हवा होता.” सूत्रसंचालकानं कोपर पाठीमागे नेलं आणि पुढचे दोन तास तो एक हात मागे धरून बोलत होता. घरी बघणाऱ्यांना ते रुबाबदार वाटलं असणार.

पहिला प्रश्न. भिंग पेटीत. काचेतून त्यांना बायकोचे ओठ हलताना दिसले, लोक हसताना दिसले. मग त्यांना बाहेर बोलावलं.

“दादा, जगात तुम्हाला सगळ्यात जास्त संशय कोणाचा?”

भिंगांनी समोर पाहिलं. दुसऱ्या रांगेत साडेतीन पानं बसली होती, नवा ड्रेस घालून, हात हलवत. तिचं नाव घेणं शक्य नव्हतं. दूधवाला? त्याचं सगळ्यांनाच माहीत होतं. खोटं तर बोलायचं नव्हतं. शेवटी म्हणाले, “दातांचे डॉक्टर.”

हे जुळणार नाही याची त्यांना खात्री होती. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. लोकांची फसवणूक पकडणाऱ्या माणसाची स्वतःच्याच तोंडात फसवणूक झाली, हे काय सांगत सुटायचं?

फळी उलटली. ‘दातांचे डॉक्टर. डावीकडची दुखत होती.’

हात वर झाला, टाळ्या पडल्या. भिंगांची जीभ आपोआप त्या रिकाम्या जागेवर गेली. मनात पाल चुकचुकली. डॉक्टर ठीक, अंदाज असेल. पण डावीकडची?

दुसरा प्रश्न. “दादा, कोणाची माफी मागायची राहिलीय?”

पेटीतून बाहेर येताना भिंगांनी ठरवलं होतं, या वेळी परीक्षाच घ्यायची. अशी गोष्ट सांगायची की जी त्यांच्याशिवाय फक्त वहीला माहीत होती. “ऑफिसातला चहावाला,” ते म्हणाले, आणि सूत्रसंचालकाकडे न बघता बायकोकडे बघत राहिले.

सहा वर्षांपूर्वी त्यांचं पेन हरवलं होतं आणि त्यांनी चहावाल्याकडे नुसतं पाहिलं होतं. नुसतं, पण रोज, चार महिने. मग पेन त्यांच्याच कोटाच्या अस्तरात सापडलं. वहीत त्यांनी लिहिलं, ‘पेन सापडले. चहावाला : संशय रद्द.’ चहावाल्याला मात्र रद्दची प्रत गेली नव्हती.

फळी उलटली. ‘चहावाला. पेन अस्तरात होतं.’

हात वर झाला. दुसऱ्या रांगेतून मेहुणीची शिट्टी आली.

मध्यंतरात भिंगांनी आधी हेडफोनवालीला गाठलं. “त्या दिवशी माझा खण कोणी उघडला?”

“काय उघडलं, काका?”

“टेबलाचा खण. वही कोणी वाचली?”

“कुठली वही?”

तिच्या चेहऱ्यावर एवढं खरंखुरं आश्चर्य होतं की भिंगांना ते बनावट वाटलं. पण दोरा आडवा येत होता. दोरा शाबूत होता. आज सकाळीच पाहिला होता. सील शाबूत म्हणजे आत हात गेला नाही, हा त्यांच्या नोकरीचा पहिला नियम. आत हात गेला नाही तर आतलं बाहेर आलं कसं? दोरा खोटा धरला तर सव्वीस वर्षांची नोकरी खोटी. हेडफोनवाली खोटी धरली तर दोरा खरा राहत होता. भिंगांनी हेडफोनवाली धरली. भिंतीतून बघायची काहीतरी यंत्रं निघाली असतील. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी एक म्हण आहे. पण म्हणी वापरायला माणसाला काखेकडे बघायची सवय लागते.

बायको मेकअपच्या खोलीत आरशासमोर बसली होती. चेहऱ्यावर कोणीतरी गुलाबी पावडर मारली होती आणि ती तिनं अर्धी पुसली होती.

“दाताचं तुला कोणी सांगितलं?”

“तुम्हीच.”

“मी? कधी?”

“झोपेत बोलता तुम्ही.”

हा आरोप असा आहे की आरोपीला स्वतःच्या बाजूनं एक शब्द बोलता येत नाही. घटनास्थळी तो हजर असतो आणि नसतोही. “आणि पेन?”

“कोटाचं अस्तर मीच शिवते ना,” ती म्हणाली आणि उरलेली पावडर पुसली.

म्हटलं तर पटण्यासारखं होतं. भिंगांना बायकोचं बोलणं नेहमीच पटे; तशी त्यांनी व्यवस्थाच करून ठेवली होती.

“तिसरा प्रश्न मोठा असतो म्हणे,” ती म्हणाली. “जिंकलो नाही तर चालेल का तुम्हाला?”

“का? हरायचंय का?”

“मी नुसतं विचारलं.” ती जरा वेळ आरशातून त्यांच्याकडे बघत राहिली. “चला.”

तिसऱ्या प्रश्नाला दिवे मंद केले. भिंग पेटीत. या वेळी बायको बराच वेळ बोलली नाही. सूत्रसंचालक एक हात मागे धरून तिच्याकडे वाकला. टाळ्यांच्या माणसाचा हात अर्धवट वर राहिला. मग ती बोलली, दोनच वाक्यं असावीत. लोक हसले नाहीत. एकमेकांकडे बघू लागले.

“दादा,” सूत्रसंचालक म्हणाला, “तुमच्या बायकोबद्दल अशी एक गोष्ट सांगा, जी तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता. जिच्याबद्दल तुम्हाला तिळमात्र शंका नाही. वहिनींनी तुमचं उत्तर ओळखलंय की नाही, बघायचं.”

बाकीच्या नवऱ्यांना या प्रश्नाशी घाम फुटत असावा. भिंगांना पहिल्यांदाच बरं वाटलं. आयुष्यभर त्यांना संशयाबद्दल विचारलं गेलं होतं. आज कोणीतरी खात्रीबद्दल विचारलं. त्यांनी कोट खाली ओढला.

“माझ्या टेबलाचा खण,” ते म्हणाले, “हिनं कधीही उघडलेला नाही.”

टाळ्यांच्या माणसानं हात वर करायच्या आधीच लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसातल्या ठरवून न वाजलेल्या टाळ्या तेवढ्याच. भिंगांना त्या आवडल्या नाहीत. फळी अजून उलटायची होती.

फळी उलटली. ‘ह्यांचा खण मी कधीच उघडला नाही, असं म्हणतील. दोऱ्यावरून.’

वरून चमचमत्या कागदाचे तुकडे पडले. फ्रिज आत ढकलत आणला, दोन्ही दारं उघडून दाखवली. सूत्रसंचालक दोन्ही हात पसरून ओरडला, कोपर विसरून. “जुळलं! शब्दन् शब्द जुळला! पण वहिनी, ही दोऱ्याची काय भानगड?”

“ते त्यांना विचारा,” बायको म्हणाली.

भिंगांना कोणी विचारलं नाही, कारण वेळ संपली होती. ते डोक्यावर लाल-निळे तुकडे घेऊन उभे होते. बावीस वर्षांत तोंडातून न निघालेला एक शब्द समोरच्या फळीवर खडूनं लिहिलेला होता. तिला दोरा माहीत होता. आणि ज्याला दोरा माहीत असूनही दोरा शाबूत राहतो, त्यानं काय केलेलं असतं, हे त्या गोदामात एकट्या त्यांनाच कळत होतं. उत्तर चूक होतं. आणि जुळलं होतं.

चॅनेलच्या गाडीत मेहुणी पुढे बसली होती आणि मागे वळून बोलत होती. “भाऊजी, दोरा म्हणजे काय हो?”

“काही नाही.”

“ताई?”

“काही नाही.”

“बघा, परत जुळलं!” मेहुणी म्हणाली, आणि तिच्या घराशी उतरेपर्यंत एकटीच हसत होती.

घरी पोचले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. भिंग टेबलाशी गेले. दोरा जागच्या जागी. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या दोऱ्यासमोर बसून राहिले.

“किती वर्षं?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही लावायला लागलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.”

दुसरा कुठलाही नवरा इथे ‘का’ म्हणाला असता. भिंग म्हणाले, “कसा?”

बायकोनं पिशवी खाली ठेवली. “चहाच्या भांड्याची वाफ द्यायची. डिंक सुटतो. कोरडा ओढला तर टोकाला लव येते. मग परत लावायचा, तोच, तेवढ्याच ताणावर. कधी विरलाच तर नवा पिळायचा. पीळ तेवढा उलटा द्यावा लागतो.”

“उलटा का?”

“तुम्ही उलटाच देता. डावखुरे ना.” तिनं त्यांच्याकडे पाहिलं. “ऑफिसात कोणी सांगितलं नाही?”

भिंगांनी दोरा काढून भिंगाखाली धरला. उलटा पीळ. आपण काल लावलेला की हिनं, हे त्यांना सांगता येत नव्हतं. सव्वीस वर्षांत असं सील त्यांच्या हाती आलं नव्हतं. रागाच्या आधी त्यांच्या मनात जे आलं ते कौतुक होतं, आणि त्याचा त्यांना फार राग आला.

“का?” ते शेवटी म्हणाले.

“माझं पान बघायला.”

“तुझं पान कोरं आहे.”

“तेच. रोज बघायचे, आज तरी काही लिहिलंय का.”

“काही लिहिलं नाही म्हणजे... चांगलं आहे ना ते! सगळ्या वहीत एक पान कोरं आहे. तुझं.”

“दूधवाल्याचा फेस मंगळवारी जास्त असतो, हे तुम्हाला माहीत आहे,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “वरचे आंघोळ कधी करतात ते माहीत आहे. त्या चहावाल्याकडे चार महिने रोज बघत होतात. माझ्या बहिणीची साडेतीन पानं. आणि माझ्याकडे दोऱ्यावरून. दोरा बघितला की झालं. सुतावरून स्वर्ग म्हणतात, तो तुमचा. मी इथेच बसलेली असते, खिडकीत.”

“मग आज लोकांसमोर कशाला?”

“दुसरं उत्तर दिलं असतं तर हरलो असतो. पुन्हा तुम्ही दोरा बघून जेवायला बसला असतात.” ती आत गेली. आतून म्हणाली, “आणि फ्रिज हवाच होता.”

त्या संध्याकाळी भिंगांनी वहीत काही लिहिलं नाही. जेवताना त्यांनी बायकोकडे दोन-तीनदा पाहिलं. तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला सुईच्या टोचांची एक ओळ होती, बारीक, काळपट. ती किती जुनी आहे हे त्यांना ठरवता येईना.

सकाळी कामावर जायच्या आधी त्यांनी तिसरं पान उघडलं. तपासणीचा नमुना त्यांना तोंडपाठ होता. त्यात दोनच गोष्टी येत : सील शाबूत, तर रीडिंग बरोबर, सील काढलेलं, तर रीडिंग खोटं. सील रोज काढलेलं आणि रीडिंग बरोबर, असा रकाना नव्हता. त्यांनी पेन दोनदा झटकलं आणि लिहिलं :

‘सील वेळोवेळी काढून पुन्हा बसवलेले आढळले. कारागिरी उत्तम. बोटावर टोचा, कधीपासून ते माहीत नाही. पुढील तपास चालू.’

शाई वाळू दिली, वही ठेवली, खण लावला. दोरा लावला नाही. तो दुमडून पाकिटात घातला आणि निघाले. त्या दिवशी ऑफिसात चहा आला तेव्हा ते चहावाल्याला म्हणाले, “ते पेन सापडलं बरं का.” चहावाला म्हणाला, “कुठलं पेन?” आणि कप ठेवून लगबगीनं गेला. पुन्हा काय चोरीला गेलं या धास्तीनं तो पुढचे आठ दिवस कप दारातच ठेवून जात होता.

संध्याकाळी घरी नवा फ्रिज येऊन उभा होता, कंपनीच्या चिकटपट्टीसकट. बायकोनं ती काढली नव्हती. ती भिंगांनी आधी तपासायची हे तिला ठाऊक असणार. पण भिंग फ्रिजपाशी थांबले नाहीत.

खणाला दोरा होता.

राखी, बोटभर लांब, दोन्ही टोकांना डिंकाचा एकेक थेंब. त्यांचा दोरा त्यांच्या पाकिटात होता. त्यांनी काढून पाहिला; होता. त्यांनी भिंग काढलं आणि खाली वाकले. पीळ या वेळी उलटा नव्हता. सरळ होता. उजव्या हातानं दिलेला, साधा, कोणालाही ओळखू येईल असा.

तिनं पान वाचलं होतं का? वाचून दोरा लावला, की न वाचताच? दोऱ्यावरून काहीच सांगता येत नव्हतं. भिंगांनी मान वळवली. बायको खिडकीशी एक करडा कोट मांडीवर घेऊन बसली होती. सुई खाली जात होती, वर येत होती. डोळे कामावर.

“सापडलं का काही?” तिनं विचारलं.

“नाही.”

“नीट बघा,” ती म्हणाली.

भिंगांनी खुर्ची उचलली, खिडकीपाशी नेली आणि बसले.